चार वाजून दहा मिनिटांची नोंद

चपला दारात मावेनात म्हणून लोकांनी त्या जिन्याच्या पायऱ्यांवर काढून ठेवल्या होत्या. मी त्या मोजतच वर आलो. पंचवीस जोड आणि भिंतीला टेकवलेली एक कुबडी. बॅग छातीशी धरून मी दादाच्या घरात शिरलो, तर कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या खोलीत माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि सगळ्यांचे डोळे दादाच्या जुन्या संगणकावर खिळले होते. की-बोर्डवर कोणीतरी ताजी फुलं वाहिली होती. पाकळ्या बटणांच्या फटीत शिरल्या होत्या. दादानं हे पाहिलं असतं, तर बाकी सगळं सोडून आधी त्या पाकळ्या वेचत बसला असता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन दीड महिना झाला होता.

दादाच्या खुर्चीत एक गुळगुळीत चेहऱ्याचा माणूस बसला होता. पांढरा सदरा, खिशात फोन आणि गळ्यात हेडफोन. लोक त्याला तरंगबाबा म्हणत.

"शरीर म्हणजे काय?" तरंगबाबानं विचारलं.

"पेटी!" खोली एका सुरात म्हणाली. पाठांतर चांगलं झालेलं दिसत होतं.

"आणि आत्मा म्हणजे?"

"माहिती!"

"पेटी बिघडली म्हणून आतली माहिती मरते का? मग ती जाते कुठे?"

"वर!"

"वर म्हणजे ढगात! आज मोठमोठ्या कंपन्या ओरडून सांगतायत, तुमच्या फायली ढगात ठेवा. अरे, आपली माणसं कधीपासून ढगातच आहेत! त्यांना खाली उतरवायला लागतो फक्त पासवर्ड. आणि तो पासवर्ड..." इथे त्यानं डोळे मिटून छातीवर हात ठेवला.

पंचवीस वर्षं मी संगणक दुरुस्त करून पोट भरतोय. लोकांच्या ढगातल्या फायली कुठल्यातरी गावाबाहेरच्या शेडमध्ये, लोखंडी कपाटात असतात आणि ती कपाटं तापू नयेत म्हणून पंखे लावावे लागतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. तोंड उघडणार एवढ्यात माझं लक्ष वहिनींकडे गेलं.

वहिनी सगळ्यांच्या पुढे, एका बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. चेहरा सुजला होता. पाय तर इतके सुजले होते की घोट्याचं हाड दिसत नव्हतं. श्वास घेताना खांदे वर जात होते.

वहिनींची मूत्रपिंडं तीन वर्षांपूर्वीच निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी दोन ते सहा त्यांना इस्पितळात मशीनवर बसावं लागे. हातात दोन जाड सुया, एकीतून रक्त बाहेर जाणार, दुसरीतून साफ होऊन परत येणार. ते चुकलं की अंगात पाणी साठतं आणि छातीपर्यंत चढतं. आदल्या दिवशी, बुधवारी, तिथल्या नर्सबाईंचा मला फोन आला होता. "तुमच्या वहिनी सोमवारी आल्या नाहीत, आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. मी मशीन रिकामं ठेवलंय." म्हणून मी पहिली गाडी पकडून आलो होतो.

संगणक वाजला. टिंग.

पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी सरकत वर आली. "दादा. एक फाईल बदलली. दुपारी ४.१०."

खोलीतून एकदम हुंकार निघाला. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. तरंगबाबानं फाईल उघडली आणि मोठ्यानं वाचलं.

"खळ: पीठ शिजवून केलेला चिकट लगदा. गार झाल्यावरच लावावी. गरम लावली तर कागद सुरकुततो."

खोटं कशाला बोलू? माझ्याही अंगावर काटा आला. शब्द नवा होता आणि दादा मांडायचा तसाच मांडलेला होता.

"गार झाल्यावर!" तरंगबाबा म्हणाला. "म्हणजे या खोलीत कोणाचं तरी मन गरम आहे." आणि त्यानं सावकाश माझ्याकडे पाहिलं. पंचवीस जण वळले आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

लोक गेल्यावर मी दार लावलं आणि वहिनींसमोर बसलो.

"मला कळवलं का नाहीत?"

"तुम्ही हसला असतात, भाऊजी."

"हसलो असतो, हे खरं."

"म्हणूनच." त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी हे आले. शुक्रवार होता. मी इस्पितळातून घरी आले, पाहते तर पडद्यावर नाव. दादा. हे नाव बाहेर कोणाला माहीत आहे? छापखान्यात यांना सगळे साहेब म्हणायचे."

ते नाव तिथे मी घातलं होतं.

दादा छापखान्यात मुद्रितशोधक होता. दुसऱ्यांच्या चुका काढून काढून डोळे गेले, पण हौस गेली नाही. हातानं काम करणाऱ्या माणसांचे शब्द तो गोळा करायचा. गवंड्याचे, शिंप्याचे, सुताराचे, रोज एक. त्याचा त्याला कोश करायचा होता. दुपारचा चहा झाला की छापखान्यातल्या संगणकावर तो त्या दिवसाचा शब्द लिहायचा आणि घरी पाठवायला हमखास विसरायचा. मग घरी येऊन माझ्या नावानं फोनवर शंख. शेवटी कंटाळून मी दोन्ही संगणकांवर फायली जुळवणारा एक प्रोग्राम बसवला. तो मागच्या मागे गुपचूप चालत राहतो. रोज चार वाजून दहा मिनिटांनी बघतो, कोशाच्या फायलींत काही बदललं आहे का? बदललं असेल तर आपली आपण नोंद करतो आणि दुसऱ्या संगणकाला पाठवतो. बदललं नसेल तर गप्प बसतो. नोंदीवर नाव लागतं, म्हणून नावाच्या चौकटीत मी दोन्हीकडे 'दादा' असं टाकलं. टाइप करणारे हात कोणाचे आहेत हे तो प्रोग्राम बघत नाही. चौकटीत जे नाव असेल ते छापतो.

दादा गेल्यावर बारा दिवस मी या घरात होतो. हे सगळं बंद करायचं माझ्या डोक्यात होतं. एकदा ती चौकट उघडलीही. पण त्याचं नाव पुसायला हात धजावला नाही. छापखान्याचा मालक म्हणाला, साहेबांचा संगणक मागच्या खोलीत हलवलाय. हलवलाय म्हणजे बंद केलाय, असं मी धरून चाललो. ज्या माणसाचा धंदाच मशीन तपासण्याचा, त्यानं ते मशीन तपासलं नाही.

"आणि मशीनवर जाणं का थांबवलंत?" मी विचारलं.

"त्यांनी सांगितलं."

"कोणी?"

"यांनी." वहिनींनी पडद्याकडे बोट दाखवलं. "गेल्या शनिवारी दाभण आलं. वाचा ना."

मी वाचलं. "दाभण: जाड सुई. आधी भोक पाडून मग ओवावी. जोर केला तर पान फाटतं."

"बाबा म्हणाले, जाड सुया कोणाच्या हातात टोचतात? नीट विचार करा. मला पटेना. मग रविवारी हे स्वतःच आले." त्यांनी पुढची ओळ दाखवली.

"सुया नकोत. चार वाजता घरी थांब. मी येतो."

माझे कान तापले. उठून तरंगबाबाला शोधायला जावं आणि त्याची ती हेडफोनची वायर त्याच्याच गळ्याला आवळावी असं वाटलं. पण वहिनी त्या ओळीकडे अशा बघत होत्या की मला खाली बसावं लागलं.

"वहिनी, अहो, ते मशीन बंद केलंत तर तुम्ही जाल."

"भाऊजी, मशीनवर बसले की साडेचारला हे यायचे. छापखान्यातून थेट. सहापर्यंत माझा दुसरा हात धरून बसायचे आणि त्या दिवशीचा शब्द मला सांगायचे. तीन वर्षं. एकही दिवस चुकला नाही." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आता तिथे कोणी येत नाही. इथे येतात. मग मी कुठे जाऊ, तुम्हीच सांगा."

महिनाभर ही बाई आठवड्यातून तीनदा एकटी जाऊन सुया टोचून घेत होती आणि मी फोनवर विचारत होतो, तब्येत बरी ना. त्याही म्हणायच्या, बरी. माझं काम तेवढ्यावर भागत होतं.

जेवणाच्या आधी मी नोंदींची पूर्ण यादी उघडली. पाच आठवड्यांच्या नोंदी, आणि सगळ्यांवर एकच वेळ, चार वाजून दहा मिनिटं. रविवार कोरे होते.

"वहिनी, वर गेल्यावरही साप्ताहिक सुट्टी असते का?"

"बाबा म्हणाले, आत्म्यालाही विसावा लागतो."

"मग या रविवारी कसा आला?"

"माझ्यासाठी आले. विसावा मोडून."

त्या एका रविवारच्या नोंदीवर वेळ होती चार वाजून सतरा मिनिटं. प्रोग्राम कधी सात मिनिटं उशीर करत नाही, उशीर माणूस करतो. प्रत्येक नोंदीच्या टोकाला एक बारीक बाण असतो. तो दाबला की नोंद कुठल्या यंत्रावरून आली ते दिसतं. कोणी तो दाबत नाही. मी एकामागून एक दाबत गेलो. छापखाना. छापखाना. छापखाना. तीस वेळा छापखाना. रविवारच्या नोंदीपुढे मात्र होतं, नवा फोन.

"हा नवा फोन कोणाचा?"

"बाबांचा. या नोंदींची बातमी ऐकून ते पहिल्यांदा घरी आले, तेव्हाच त्यांनी पासवर्ड मागितला होता. म्हणाले, हे माझ्याही फोनमध्ये येऊ देत."

"म्हणजे ही ओळ त्यानं लिहिली. तुम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार इस्पितळात. घराला कुलूप, त्याचा दरबार बंद. रविवारी एवढी गर्दी जमते, तर नेमकी नोंद नाही. म्हणून त्या माणसानं..."

"यांनी बाबांच्या फोनमधून लिहिलं असेल." वहिनी शांतपणे म्हणाल्या. "बाबा म्हणालेच होते, मी त्यांना माझा फोन देईन."

पुरावा समोर ठेवला की माणूस मान डोलावतो, अशी माझी आजवर समजूत होती. संगणकाच्या बाबतीत ती खरी ठरते. त्या रात्री मी नर्सबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या दोन वाजता काहीही करून आणा. उद्याची तिसरी पाळी चुकली तर माझ्या हातात काही राहणार नाही."

शुक्रवारी दीड वाजता मी दारात रिक्षा आणून उभी केली. वहिनींनी दाराची कडी आतून धरून ठेवली. एवढ्याशानं त्यांना धाप लागली. आजारी बाईशी झटापट करायची माझी हिंमत झाली नाही. रिक्षा परत पाठवली आणि खुर्चीत बसून राहिलो. सव्वातीनला पहिली माणसं चपला काढायला लागली, तेव्हा मी उठलो आणि छापखान्यात गेलो. तीस वेळा छापखाना. तिथे कोणीतरी असणारच होतं.

मागच्या खोलीत कागदाच्या रिमांच्या थप्प्या होत्या आणि ओल्या खळीचा आंबूस वास येत होता. थप्प्यांच्या पलीकडे दादाचा दुसरा संगणक चालू होता. त्याच्यासमोर, खुर्चीच्या अगदी कडेला, बांधणीवाले काका बसले होते. या छापखान्यात चाळीस वर्षं पुस्तकं शिवणारा माणूस. कमरेला कॅनव्हासचा एप्रन, नाकाच्या टोकाला चष्मा. उजव्या हाताच्या एका बोटानं ते एकेक अक्षर शोधून दाबत होते. डावा हात पाठीमागे धरला होता, चुकून कुठे लागू नये म्हणून.

मी तसाच दारात उभा राहिलो. त्यांनी ओळ संपवली, ती ओठ हलवत दोनदा वाचली आणि चष्मा काढला. भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच कमी होते.

"काका."

ते दचकून उठले. "कोण? धाकटा ना तू? बस, बस. मी त्याच्या खुर्चीत नीट बसत नाही बरं का. टेकतो नुसता."

"काका, हे तुम्ही लिहिता? रोज?"

"मग काय करू? शंभर शब्द देईन म्हणून कबूल केलं होतं त्याला. बांधणीचे शंभर. अठ्ठावन्न झाले आणि हा निघून गेला." त्यांनी एप्रनला बोटं पुसली. "बेचाळीस डोक्यात घेऊन मी कुठे हिंडू? चहा झाला की येतो, एक लिहितो, उठतो. आज एकतिसावा."

"आणि पाठवता कसं?"

"पाठवायचं असतं होय? मी तर लिहितो आणि उठतो. पुढचं मशीन काय करतं ते मशीनला ठाऊक."

"कोणाला सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काय आहे त्यात?" ते ओशाळले. "वहिनींना सांगणार होतो. मग वाटलं, त्यांना बरं वाटणार नाही. नवऱ्याची जागा अजून गार नाही झाली आणि हा म्हातारा जाऊन बसला."

चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर तीच पट्टी सरकली. दादा. एक फाईल बदलली. काकांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, ते स्वतःचा कप उचलत होते. तिकडे घरी त्याच क्षणी खोलीभर माणसांनी हात जोडले असणार.

मी त्यांना सगळं सांगितलं. दरबाराचं ऐकताना त्यांना हसू आलं. दाभणापाशी आलो आणि त्यांच्या हातातला कप खाली गेला.

"दाभण? माझं दाभण?" ते म्हणाले. "अरे, ते मी सावकाश टोचा म्हणून लिहिलं. टोचू नका म्हणून नाही लिहिलं." मग एप्रन कमरेला तसाच ठेवून ते दाराकडे निघाले. "चल. उभा काय राहिलास?"

घरी पोचलो तेव्हा तरंगबाबा त्या दिवसाचा शब्द उलगडून सांगत होता. मी मधे उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा. हा शब्द ज्यांनी लिहिला, ते आले आहेत."

काकांना बोलायची सवय नव्हती. ते वहिनींसमोर उकिडवे बसले. "वहिनी, ते शब्द मी लिहितो. खळ मी लिहिली. दाभण मी लिहिलं. साहेबांनी मागितले होते, म्हणून लिहितो. तुम्हाला त्रास व्हावा असं मनात नव्हतं."

मी नोंदीमागचे बाण दाबून दाखवले. प्रोग्राम काय करतो, नाव कोणी घातलं, चार वाजून दहाच का, रविवार कोरा का, सगळं सांगितलं. छापखाना रविवारी बंद असतो, एवढीच त्या विसाव्याची कथा.

खोलीत कुजबुज झाली. तरंगबाबा मुळीच गडबडला नाही. या लोकांचं हे मानावं लागेल.

"वाहवा!" तो म्हणाला. "पाहिलंत? या साध्या माणसाला त्यांनी निवडलं! बोट याचं, लिहवून घेणारा तो! याला स्वतःलाही माहीत नाही."

दोनतीन माना डोलल्यासुद्धा.

काकांनी मान वर केली. "महाराज, दाभण मी चाळीस वर्षं हातात धरतोय. ते कसं धरायचं हे सांगायला मला मेलेला माणूस लागत नाही. उलट त्याला ते मी सांगितलं."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि रविवारचं काय?" मी म्हणालो. "ते काकांनी लिहिलेलं नाही. ते एका नव्या फोनवरून आलं. आता त्या फोनला दिलेली परवानगी मी इथून काढून घेतो. ज्याचा असेल त्याला कळेल."

मी बटण दाबलं. एक क्षण काही झालं नाही. मग तरंगबाबाच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून आवाज आला. टिंग. पाच आठवडे ही माणसं ज्या आवाजासाठी कान टवकारून बसत होती, तोच.

तरंगबाबानं खिशावर हात ठेवला. "इथल्या लहरी विस्कटल्या," असं काहीतरी पुटपुटत तो उठला आणि चपला न घालताच, हातात घेऊन जिना उतरला. तीनचार जण त्याच्या मागे गेले. तेही मी पाहिलं. बाकीचे खाली बघत एकेक उठले. कुबडीवाली बाई शेवटपर्यंत बसून होती. "माझा मुलगा येत्या मंगळवारी येणार होता," ती मला म्हणाली. "तीन वर्षं झाली त्याला. बाबा म्हणाले होते, तुझी पाळी मंगळवारी." मी तिला कुबडी आणून दिली. दुसरं काही देण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

मी जिंकलो होतो. आणि वहिनींकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "तुम्ही मला दोनदा विधवा केलंत."

खरं आहे. पहिल्यांदा मी ते नाव तिथे राहू दिलं आणि दुसऱ्यांदा ते चारचौघांत काढून घेतलं. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नाही.

मग त्यांनी काकांना विचारलं, "शेवटचा शब्द कोणता विचारला होता यांनी?"

"टाका," काका म्हणाले. "मी सांगत होतो, टाके किती प्रकारचे. दोन प्रकार लिहून झाले आणि चहावाला कप न्यायला आला. तर म्हणाले, उरलेले उद्या."

"उरलेले उद्या," वहिनी म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून रडायला लागल्या. रडायलाही त्यांना श्वास पुरत नव्हता. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी एप्रनच्या खिशातून रुमाल काढला, घडी उलटी करून स्वच्छ बाजू वर आणली आणि पुढे केला.

"चला," काका म्हणाले. "उरलेले मशीनवर सांगतो."

एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं काका, असे आम्ही त्यांना जिन्यावरून उतरवलं. नर्सबाई खरंच वाट बघत होत्या. पाणी छातीपर्यंत चढलं होतं. दोन दिवस अतिदक्षता विभागात गेले, तिसऱ्या दिवशी वहिनींनी डोळे उघडून विचारलं, चार वाजले का.

उरलेले अकरा शब्द इस्पितळात झाले. आठवड्यातून तीनदा, साडेचारला, काका छापखान्यातून थेट येत आणि मशीनच्या बाजूला स्टुलावर बसून एक शब्द सांगत. वहिनींचा एक हात सुयांत अडकलेला, म्हणून मोकळ्या हातानं त्या वहीत लिहीत आणि घरी येऊन संगणकावर उतरवीत. मीही कामाचं बस्तान इकडेच हलवलं. काकांचे शब्द संपल्यावर साडेचारला मी जाऊ लागलो. मला शब्द सांगता येत नाहीत, मी नुसता बसतो.

नावाच्या चौकटीही मी बदलल्या, या वेळी विचारून. छापखान्यात आता 'बांधणीवाले काका' आहे. घरच्या चौकटीत काय घालू, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही मला काय म्हणता?" दुसऱ्या दिवशी पट्टी सरकली. "वहिनी. एक फाईल बदलली." त्यांनी ती कितीतरी वेळ पाहिली. हसल्या नाहीत, पण पुसलीही नाही.

आठ महिन्यांनी वहिनी गेल्या. हृदय थकलं होतं. त्या चुकलेल्या पाळ्यांमुळेच असं म्हणता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तसं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

तरंगबाबाचं बरं चाललंय. दुसऱ्या वस्तीत, दुसऱ्या कोणाच्या तरी पुढच्या खोलीत तो पेटी आणि माहिती विचारत असतो. त्याच्यावर मी अजून चिडतो, पण खरी चीड येते ती त्या पंचवीस जोड चपलांची आणि त्यांच्या जोडीला माझ्या सव्विसाव्या जोडाची. पाच आठवडे एकानंही विचारलं नाही की ही ओळ आली कुठून. तो बाण तिथेच होता. दाबायला अक्कल लागत नाही, एक बोट पुरतं. म्हणून हात जोडून सांगतो, चमत्कार दिसला की आधी विचारा: हे कोणी केलं, कुठून केलं, आणि रविवारी का होत नाही? त्या प्रश्नाच्या मागे चालत गेलात तर बहुतेक वेळा एखादा जिवंत माणूस सापडतो. आमच्या बाबतीत तो मागच्या खोलीत एका बोटानं टाइप करत होता आणि त्याला कोणी नमस्कार केला नव्हता. आणि घरात कोणी आजारी असेल, एकटं असेल, तर साडेचारला जाऊन बसा. ती जागा रिकामी ठेवली की तिथे कोणीतरी बाबा येऊन बसतो.

वहिनींनंतर तेराव्या दिवशी मी दादाचा संगणक उघडला. बटणांच्या फटीत एक वाळलेली पाकळी अजून होती, ती सुईनं काढली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रोग्राम जागा झाला, त्यानं फायली पाहिल्या, काही बदललं नव्हतं, म्हणून काही न बोलता तो परत झोपला. मग मी तो बंद करायला घेतला. त्यानं विचारलं, नक्की बंद करायचं का? मी थोडा वेळ बसलो. मग हो म्हटलं आणि काकांना चहाला बोलवायला निघालो.